चष्मा खिशातच होता, काका

काका,

काल गाडी सुरू झाली तेव्हा तुमचे धड आभारही मानले नाहीत मी. घसा दाटून आला होता, आणि गाडीपायी रडायचं म्हणजे कसंतरीच. म्हणून हे पत्र.

नऊ दिवस गाडी जागची हलली नव्हती. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, गेला म्हणून बदलून घेतला, आणि तेव्हापासून किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. ज्यांनी बदलला ते म्हणाले, सेल्फ कोरा करकरीत आहे, बॅटरी गेली असेल. नवी बॅटरी बसवली. टक्. मग दुसरे आले. दोन मिनिटं बॉनेटमध्ये डोकावले आणि 'कॉम्प्युटर उडालाय' म्हणून मोकळे. कशावरून, असं विचारलं की दोघांचंही उत्तर एकच: "ताई, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी विचारलंत, "किल्ली मारताना हेडलाइट मंद होतात का?" मी म्हटलं, छे, जशेच्या तसे. "मग बॅटरीला कशाला बोल लावायचा?" बॅटरी दमलेली असती तर सेल्फ मारताच दिवे मंद पडले असते. हा प्रश्न नऊ दिवसांत कुणालाच सुचला नव्हता.

मग व्होल्ट मोजायचा मीटर काढलात. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि मीटर माझ्या हातात. "मी किल्ली मारतो, तुम्ही आकडा वाचा. चष्मा विसरलोय." टक् झालं. मी वाचलं, ७.८. "अर्ध्या व्होल्टच्या आत हवा होता," तुम्ही म्हणालात आणि थांबलात. पुढचं मीच बोलले, "म्हणजे करंट परत येताना वाटेत अडतोय?" तुम्ही नुसती मान हलवलीत.

इंजिनच्या अर्थिंगची पट्टी, करंट बॅटरीकडे परत नेणारी. सेल्फच्याच बोल्टवर असते ती, बदलताना सुटते. परत लावली होती, पण गंजासकट आणि अर्धवट आवळून. दिव्यांचा करंट थोडा आणि त्यांचं अर्थिंग बॉडीला, म्हणून ते झकास. सेल्फला मात्र शंभरावर अँपिअर लागतात, ते गंजातून कसे जाणार? बॅटरीची वायर काढून ठेवलीत, पट्टीला पॉलिश पेपर मारलात, बोल्ट आवळलात. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो चष्मा. तुम्ही पट्टी घासायला वाकलात तेव्हा तो शर्टाच्या खिशातून डोकावत होता, काका. आकडा तुम्हालाही वाचता आला असता. 'या, तुम्हाला शिकवतो' असं म्हणाला असतात तर मी अवघडले असते, कदाचित नको म्हटलं असतं. तुम्ही मदत मागितलीत. नऊ दिवसांत मला पहिल्यांदाच कुणी कामाचं माणूस समजलं.

हुशार मेकॅनिक पुष्कळ असतील. आधी तपासून मग पार्ट बदलणारे कमी. आणि आपल्याला येतं ते समोरच्याला लहान न करता दाखवणारे तर फारच थोडे. पहिल्या गॅरेजवर मी चिडले आहे ती त्यांची चूक झाली म्हणून नाही, बोल्ट कुणाचाही ढिला राहू शकतो. आपलंच काम पुन्हा एकदा बघायच्या ऐवजी त्यांनी मला बॅटरी घ्यायला लावली, त्याचा राग आहे.

जाता जाता तुम्ही बजावलं होतंत, जुनी बॅटरी मोडीत देऊ नका, ती चांगली असणार. काल चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली. आज सकाळी नवा मीटर आणला आणि लावून बघितला: १२.६ व्होल्ट. चांगलीच होती, काका.

तुमची,
मीटर धरणारी ताई