वाळवंटातल्या टपालगाडीसाठी एक पाटी लावा, साहेब: अमेरिकेच्या इंटिरियर सेक्रेटरींना खुलं पत्र

मा. सेक्रेटरी साहेब,
स.न.वि.वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहितेय, पण नॅशनल पार्क सर्व्हिस तुमच्या खात्याखाली येते आणि मला मनापासून भांडायला मराठीच लागते, त्यामुळे ऑफिसात कुणाकडून तरी ट्रान्सलेट करून घ्या. नाही घेतलंत तर निदान इकडच्या मंडळातले चार लोक वाचतील.

परवाच्या लाँग वीकेंडला पोरांना घेऊन दक्षिण अ‍ॅरिझोनातल्या एका छोट्या म्युझियमला गेलो. इंटरस्टेट 10 सोडून आत वळल्यावर दोनदा चुकलो, कारण पाटीच नाही, फोनला रेंज नाही, शेवटी एका ट्रकवाल्याने हात दाखवला तेव्हा सापडलं. दोन खोल्या, घरघरणारा कूलर आणि ऐंशीच्या घरातले एक आजोबा, व्हॉलंटियर, त्यांनी आधी पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या आणि मग कुठून आलात विचारलं. रजिस्टरमध्ये आमच्या आधीची सही आठ दिवसांपूर्वीची.

म्युझियम बटरफिल्ड ओव्हरलँड मेलचं. 1858 साली सुरू झालेली टपालगाडी (इंग्रजीत स्टेजकोच), मिसूरीतल्या सेंट लुईसहून टिप्टनपर्यंत रेल्वे आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत घोडे नाहीतर खेचरं, एकूण साधारण 2800 मैल, 25 दिवसांत पोचायची अट, आठवड्यातून दोनदा, सरकारकडून वर्षाला 6 लाख डॉलर. अर्ध्या औंसाचं पत्र 10 सेंटमध्ये जायचं, माणसाला मात्र सुरुवातीला 200 डॉलर, जेवण वेगळं, झोप बसल्याबसल्या. पोरगी म्हणाली, बाबा स्टेज म्हणजे नाटकाचं का? म्हटलं नाही गं, एसटीचा टप्पा असतो ना, दर सहा किलोमीटरला भाडं वाढतं तो, तसाच हा टप्पा, फक्त वीसेक मैलांचा, तिथे जनावरं बदलायची आणि सुटायचं. तिने एसटी एकदाच पाहिलीय, तो भाग वेगळा.

मग आजोबांनी कपाटातून चामड्याच्या पट्ट्याचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. एकावर एक थर, मनगटाएवढा जाड, वाळून लाकूड झालेला. गाडीचा बसायचा भाग असल्या पट्ट्यांवर टांगलेला असायचा, त्यामुळे गाडी आदळण्यापेक्षा पाळण्यासारखी झुलायची, आणि त्या झुलण्यानेच लोकांना उलट्या व्हायच्या. वाळवंटात तर सिनेमात दिसते ती जड कॉनकॉर्ड गाडी नव्हतीच, वर कॅनव्हास टाकलेली हलकी सेलेरिटी वॅगन होती.

साहेब, पोनी एक्सप्रेस, म्हणजे घोडेस्वारांची टपालसेवा, कुणालाही विचारा, माहीत असते. ती दीड वर्ष चालली, तार आली आणि संपली, तिला नॅशनल हिस्टॉरिक ट्रेलचा, म्हणजे सरकारमान्य ऐतिहासिक मार्गाचा, दर्जा 1992 मध्येच मिळाला. बटरफिल्डची गाडी या वाळवंटातून अडीच वर्षं धावली, यादवी युद्ध तोंडावर आलं म्हणून 1861 च्या मार्चमध्ये हा मार्ग बंद करावा लागला, आणि तिला दर्जा कधी, तर जानेवारी 2023! बरं मिळाला, आनंद आहे, पण तो कागदावरून रस्त्यावर कधी उतरणार?

तिथून पुढे ड्रॅगून स्प्रिंग्जला गेलो, याच टपालगाडीचं जुनं स्टेशन. दगडी भिंती अजून उभ्या आहेत. पहिली टपालगाडी यायच्या काही आठवडे आधी इथे बांधकामावरच्याच लोकांनी रात्री कुऱ्हाडी चालवल्या, तिघं मेले, आणि सायलस सेंट जॉन नावाचा माणूस तुटक्या हाताने पाण्यावाचून काही दिवस तसाच पडून राहिला आणि तरी वाचला, हात मात्र कापावा लागला. मी भिंतीच्या सावलीत दहा मिनिटं बसलो तर घसा कोरडा पडला. ती जागा फॉरेस्टवाल्यांची आहे म्हणे, म्हणजे शेती खात्याची, तुमची नाहीच. वाचून हसू आलं, जमीन एका खात्याची आणि ट्रेल दुसऱ्याचा, अगदी गावाकडे आल्यासारखं वाटलं.

अजून एक. अपाची पास या खिंडीतल्या स्टेशनजवळ फेब्रुवारी 1861 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या बॅस्कम नावाच्या लेफ्टनंटने कोचीस या अपाची सरदाराला बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि कोचीसने पळवलंच नव्हतं अशा एका पोरासाठी त्याला धरायला गेला, कोचीस तंबू फाडून निसटला, मग दोन्हीकडचे ओलीस मारले गेले आणि पुढे कित्येक वर्षं लढाई. कोचीसचा खात्रीचा फोटो कुठेच नाही, त्यामुळे म्युझियमच्या भिंतीवर त्याचं नुसतं नाव आणि दोन ओळी. आजोबा म्हणाले, इथे त्याच्याच लोकांनी येऊन बोलायला पाहिजे, पण त्यांना बोलवायचं तर येण्याजाण्याचा खर्च कोण देणार.

मला चकाचक सेंटर नकोय, उलट बांधूच नका. एक्झिटला तपकिरी पाटी (ऐतिहासिक जागांची असते ती) लावा, या दोन खोल्यांच्या छपराला पैसे द्या, आणि आजोबा म्हणतात त्या लोकांच्या प्रवासाचं भाडं. फॉरेस्टवाल्यांशी फोनवर बोलून घ्या, तुम्ही एकाच गावात बसता.

कूलरचं पॅड मी ऑर्डर केलंय. शनिवारी घेऊन जातोय, तोपर्यंत पाटी लागली नसेल तर आता मला रस्ता पाठ आहे.

आपला,
फिनिक्सकडचा एक मराठी करदाता