नांदेडच्या ताईंना, लातूरच्या मुनिमाकडून

ताई, नमस्कार.

नाव कुठं लिहू नका असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं ताई. वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या. भाच्यानं कॉलेजच्या लॅबमधल्या म्हणून तुमचा नंबर दिला, आणि ओळख ना पाळख, तीन रात्री तुम्ही माझ्यासोबत फोनवर जागलात.

जानेवारीचा शेवट होता. तुरीची आवक ऐन भरात, डाळ मिलच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि वजनकाट्याच्या कॉम्प्युटरला नवा सर्व्हर उघडेचना. काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय कशावरच चालत नाही. ते बनवणारा कधीच धंदा सोडून गेला. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या भाषेची, पहिलीच आवृत्ती येते, आणि सांबानं, म्हणजे सर्व्हरवर ती भाषा बोलणाऱ्या सॉफ्टवेअरनं, ती आवृत्ती २०१९ साली, ४.११ पासून, मुळातच बंद करून ठेवलेली. हे आज सांगतोय. तेव्हा मी कुठून तरी दोन ओळी उचलल्या आणि कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवल्या: 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'ही एनटी१ आणि 'सर्व्हर मॅक्स प्रोटोकॉल'ही एनटी१, म्हणजे खालची आणि वरची हद्द दोन्ही त्याच पहिल्या आवृत्तीवर. झालं! ऑफिसातली विंडोज १० ची पाचही मशीन बाहेर. एक्सपी दारापर्यंत पोचला, पण खरा पासवर्डही खोटा म्हणू लागला. बाहेर लोक कावलेले, आत मी हातानं काटापावत्या फाडतोय.

"काका, मॅक्सची ओळ काहून लिहिली?" तुमचा पहिला प्रश्न. मला सांगता येईना. मग तुम्ही समजावलं, की या आवृत्त्यांना डायलेक्ट म्हणजे बोलीच म्हणतात. दोन मशीन भेटली की दोघांना येणारी सगळ्यात नवी बोली ती आपसूक धरतात. वरची हद्द आपण घालायची नाही, खालची तेवढी ठरवायची. ती ओळ पुसली आणि पाचही मशीन परत आली. मला तर रडूच फुटायचं राहिलं.

पासवर्डाचं कोडं वेगळंच निघालं. एक्सपी जुन्या पद्धतीनं पासवर्ड सिद्ध करू पाहतो, आणि नवा सांबा ती पद्धत मानत नाही. मी सर्व्हर ढिला करायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत, आणि एक्सपीच्याच रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगांत, 'एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल' ३ करायला लावली, की तो नव्या पद्धतीनं पासवर्ड सिद्ध करू लागतो.

माझ्या लेखी काम झालं होतं. तुम्ही मात्र विचारलंत, "खतावण्या कुठं ठेवता?" त्याच सर्व्हरवर. मग मे २०१७ मधला वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवून दिलात, तो याच पहिल्या आवृत्तीच्या भोकातून पसरला होता. आणि मिन प्रोटोकॉल एका फोल्डरपुरता देता येत नाही, अख्ख्या सर्व्हरला लागतो. म्हणजे एका काट्यापायी सगळ्या वह्या उघड्यावर. म्हणून माळ्यावरचं भंगार मशीन खाली काढलं. त्यात दोन नेटवर्क कार्डं. एकातून वायर थेट काट्याला. एनटी१ फक्त तिथं चालू. मोठा सर्व्हर दर दहा मिनिटांनी तिथून पावत्या ओढून घेतो, त्या मशीनला मात्र त्याच्यात शिरायला पासवर्डच नाही. खरं सांगतो, रात्री अकराला हे ऐकताना मनात म्हटलं, ही पोरगी उगीच वाढवतेय. चुकलो.

पैशाचा विषय काढला तर तुम्ही फोन ठेवून दिला. भाच्यासोबत पाच किलो तूरडाळ पाठवलीय, ती तरी परत करू नका. घरच्या मिलची आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर सोमवारी सर्व्हरवर 'एसएमबीस्टेटस' बघतो, कोणतं मशीन कुठल्या बोलीत जोडलंय ते त्यात दिसतं. काल पाच ओळींत एसएमबी३_११ होतं आणि एकीत एसएमबी२_१०. ती ओळ मालकांच्या विंडोज ७ लॅपटॉपची. त्याच्यासाठीच तर खालची हद्द २_१० वर ठेवलीय. नवा घ्या म्हणून दोनदा सांगून झालं. पुढची तूर येईपर्यंत तरी घेतील असं वाटत नाही.

तुमचा,
मुनीमकाका