क्रूझला जाताना औषधं हातात ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला क्रूझवरचा लेख वाचला. फोटो फार सुंदर होते, आणि तो वाचून आमच्या शेजारच्या दोन घरांनी बुकिंगपण करून टाकलं म्हणून हे पत्र लिहायला बसले. मागच्या डिसेंबरमध्ये मी, आमचे हे, नणंदबाई आणि त्यांचे मिस्टर असे चौघं मुंबई-गोवा-मुंबई तीन रात्रींची क्रूझ करून आलो. मजा आलीच, पण जे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं ते आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. एजंटने कुठल्या डेकवर काय शो आहे ते सगळं सांगितलं, बॅगांचं मात्र काहीच नाही.

तर बॅगांचंच आधी सांगते. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर पोचलं की मोठ्या बॅगा तिथेच ताब्यात घेतात, टॅग लावतात, स्कॅनिंग होतं आणि मग त्या केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. पण लगेच नाही. आमच्या यायला रात्रीचे नऊ वाजले आणि नणंदबाईंचं जेवणाआधीचं इन्सुलिन त्याच बॅगेत. बॅग नक्की कुठे आहे ते कोणाला सांगता येईना, समोर एवढं मोठं बुफे मांडलेलं आणि त्या बिचाऱ्या डोळ्यात पाणी आणून नुसत्या बसून राहिल्या, मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून हात जोडून सांगते, बीपी, शुगर, थायरॉइड, जी काय औषधं असतील ती, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, ओरिजिनल आयडी आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, आणि औषधं दोन-तीन दिवसांची जास्तच घ्या. बोटीवर डॉक्टर असतो पण त्याचे वेगळे पैसे पडतात आणि तुमचीच गोळी त्यांच्याकडे असेल असं नाही. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने त्या काढून घेतात. घरचे लाडू-चिवडा चालतो का तेपण कंपनीला आधीच विचारून घ्या.

दुसरं, बाहेरगावच्यांनी मुंबईत आदल्या दिवशीच पोचा. आमच्याच ग्रुपमधलं सांगलीचं एक जोडपं त्याच दिवशी सकाळी निघालं, खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलं आणि चेक-इन बंद व्हायला दहा मिनिटं असताना धावत आलं. बोट सुटायची वेळ चारची असेल तर चेक-इन त्याच्या बरंच आधी बंद होतं, हे तिकिटावर असतं पण कोण वाचतं?

बोट लागण्याबद्दल. सगळ्यांना वरची, पुढची, बाल्कनीवाली केबिन हवी असते, पण ज्यांना एसटीत घाटातसुद्धा मळमळतं त्यांनी खालच्या डेकवरची आणि बोटीच्या मधोमध असलेली केबिन मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. (ती स्वस्तपण असते.) गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, बोट सुटायच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची, आणि त्या गोळीने झोप येते म्हणून वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. उपाशी राहू नका, मळमळायला लागलं तर केबिनमध्ये मोबाइल बघत पडू नका, उघड्या डेकवर या आणि लांब क्षितिजाकडे बघत बसा. आमच्या ह्यांना त्यानेच बरं वाटलं. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. बोट सुटायच्या सुमाराला सायरन वाजतो आणि सगळ्यांना ठरलेल्या जागी बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठल्या लाइफबोटीकडे जायचं ते दाखवतात, त्याला मस्टर ड्रिल म्हणतात. आमच्या बोटीवर अर्धे लोक तेव्हा सेल्फी काढत होते आणि काही तर केबिनमधून बाहेरच आले नाहीत. माझे वडील अलिबागचे, आम्ही लहानपणापासून रामदास बोटीची गोष्ट ऐकत मोठे झालो. 17 जुलै 1947, गटारीचा दिवस, मुंबईहून रेवसला निघालेली बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, रायगडच्या किती घरांत त्या दिवशी माणूस परत आला नाही. आणि फार जुनंच कशाला, 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 जण गेले, त्यात त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल अजून झालेलंच नव्हतं. त्याच्यानंतरच नियम बदलला आणि 2015 पासून बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या ड्रिल सक्तीचं झालं. म्हणजे ती पंधरा-वीस मिनिटं कोणाच्यातरी जिवाची किंमत देऊन आलीयेत. आजी-आजोबांना हाताला धरून घेऊन जा, मुलांच्या मापाचं जॅकेट मागून घ्या आणि केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा कारण खरी वेळ आली तर लिफ्ट वापरायची नसते.

पैशांचं थोडक्यात. तिकिटात जेवण असतं पण सगळंच जेवण नसतं, काही रेस्टॉरंट, ड्रिंक्स, वायफाय, फोटो, सर्व्हिस चार्ज हे वेगळं, आणि सगळं केबिनच्या कार्डवर चढत जातं म्हणून रोज रात्री रिसेप्शनवर हिशोब बघा. फोन किनारा सोडताना एअरप्लेन मोडवर टाकाच, नाहीतर तो आपोआप बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर ते घाबरतात.

गोव्याला बोट मुरगाव बंदरात लागते, तिथून पणजी तीसेक किलोमीटर. स्वतःची टॅक्सी करून फिरलात तर परत यायची जी वेळ दिलीये तिच्या निदान दीड तास आधी बंदरावर या, बोट थांबत नाही. कंपनीच्याच टूरने गेलात तर महाग पडतं पण बस उशिरा आली तर शक्यतो बोट वाट बघते. आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच करावं असं मला वाटतं.

एवढं सगळं पुढच्या वेळी क्रूझचे फोटो छापाल तेव्हा शेजारी एका चौकटीत छापा ही विनंती. आणि हो, उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा परत केबिनबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि औषधं त्यात घालू नका, आमच्या शेजारच्या केबिनमधल्या आजींनी तेच केलं होतं.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा