कोताची किल्ली

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आईने मध्येच घेतला, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, आता बंदुकीचं लायसन काढू का, असं तू विचारलंस. ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतंच.

एप्रिलातला तो सोमवार आठवतो का? पॅट्रियट्स डे. पहाटे चारला उठवून तू आम्हाला लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर नेलंस. आई स्वेटरवर शाल आणि शालीवर तुझं जाकीट घालून कुडकुडत होती. 19 एप्रिल 1775 ची चकमक तिथे दरवर्षी करून दाखवतात म्हणालास, तेव्हा मी मनात हसलो. पलटणीत चोवीस वर्षं काढलेल्याला लुटुपुटूची लढाई काय दाखवतोस! पण लाल कोटवाले चालत आले, समोर गावचे सत्तर-ऐंशी शेतकरी-कारागीर, आणि बार उडाला. पहिली गोळी कोणी झाडली ते आजवर ठरलेलं नाही. त्या दिवशी तिथे गावचे आठ जण गेले. तसेच आठ जण गवतावर पडून राहिले, बायका धावत आल्या. खेळ संपल्यावर ते कपडे झटकत उठले आणि सोन्याने टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उचलले नाहीत.

इंग्रजांची ती फौज निघाली होती काँकर्डला, लोकांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला. हे तू सांगितलंस तेव्हा तिकडच्या माणसांचं बंदुकीवरचं प्रेम मला थोडं उमगलं. त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली ठिणगीच हत्यारं न्यायला आलेल्यांवरून पडली. 1791 साली हत्यार बाळगायचा हक्क त्यांच्या घटनेत दुसरी दुरुस्ती म्हणून बसला. तो एकेकट्या माणसाचाही आहे, हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं. आपल्याकडे 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी हत्यारं परवान्यात बांधली. इंग्रज गेले, परवाना राहिला. (त्याच युद्धात यॉर्कटाउनला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच पुढे इकडे गव्हर्नर-जनरल झाला आणि मराठ्यांना बरोबर घेऊन टिपूवर गेला, हे तुझ्या शेजाऱ्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना.)

शेजारी माणूस भला. मी फौजी होतो कळताच हात धरून म्हणाला, "थँक यू फॉर युअर सर्व्हिस." मी ओशाळलो. त्यांच्या देशासाठी मी काय केलं होतं? इथे एका कचेरीत पेन्शनच्या एका कागदासाठी तीन तास बाकड्यावर बसवलं होतं, ते मात्र आठवलं.

मेमोरियल डेला झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो, मग पूर्ण चढवतात. हे मला फार आवडलं. पण त्याच दिवशी दुकानातली मुलगी "हॅपी मेमोरियल डे" म्हणाली. सोन्याला तसं म्हणायला शिकवू नकोस. तो दिवस गेलेल्यांचा. जिवंत फौजींना रामराम करायचा तर 11 नोव्हेंबर आहे, व्हेटरन्स डे. ती तारीख आपलीही आहे रे. 1918 साली त्या दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं, आणि त्या युद्धात आपल्या साताऱ्याच्या एकट्या अपशिंग्याचे 46 जण गेले होते.

चार जुलैच्या मिरवणुकीत तू विचारलंस, "आबा, वर काय बघताय?" मी काही नाही म्हणालो. मी गच्च्या बघत होतो. 2022 साली याच दिवशी हायलंड पार्कला एकाने छपरावरून मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या, सात माणसं मेली. बँड वाजत होता, पोरं झेंडे हलवत होती, आणि मी सुट्टीवर आलेला म्हातारा आडोसा शोधत होतो.

आता तुझ्या लायसनचं. हक्क तुझा आहे, मी नको म्हणणार नाही. पण पलटणीत रायफल माझी असून माझ्याजवळ नसायची. काम झालं की ती कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारांच्या कोठीत, जमा. नंबर बघून मोजणी, रजिस्टरात सही, कुलूप. एकदा मोजणीत एक कमी भरली. रात्रभर सगळी कंपनी जमिनीवर डोळे लावून फिरली. पहाटे कळलं की रजिस्टरातच आकडा चुकला होता. तरी त्या रात्रीची धडधड अजून जात नाही.

तुमच्या राज्यात बंदूक कुलपात ठेवायचा कायदा आहे, ते ठीक. पण तुझ्या घरात कोत एनसीओ, म्हणजे कोत सांभाळणारा हवालदार, कोण? तू कामावर, सूनबाई कामावर. सोन्या सहा वर्षांचा. फ्रिजवर लपवलेला बिस्किटांचा डबा त्याने खुर्चीवर स्टूल चढवून काढला होता, आणि डबा वर आहे हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

किल्ली कुठे ठेवणार ते आधी लिही. मग माझं मत कळवतो.

आईने मेतकूट आणि भाजणी बांधून ठेवली आहे, येणारं कोणी भेटलं की पाठवते. सूनबाईंना आशीर्वाद, सोन्यास गोड पापा.

तुझे,
आबा