लॉराच्या आंटींना

प्रिय आंटी,
सा. न. वि. वि.

इंग्रजीतलं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलं आहेच. हे मराठीत लिहितोय, कारण तुमचे आभार मला माझ्या माणसांसमोर मानायचे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये केर्न्सहून उत्तर टोकाच्या केप यॉर्ककडे निघालेले आमचे लोक तीनशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकत लॉराला येतात, डिझेल भरतात, चहा पितात आणि पुढे निघतात. जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचं गाव. तुम्ही, तिथल्या आदिवासी समाजातल्या वडीलधाऱ्या, वाटाड्या म्हणून भेटला नसतात तर आम्हालाही तेवढंच दिसलं असतं.

बाबांनी सगळा जन्म राजापूरला शाळेत इतिहास शिकवला. आता गुडघे दुखतात. तुम्ही त्यांची चाल पाहिलीत आणि न सांगता बेत बदललात. उन्हं चढायच्या आत निघायचं, स्प्लिट रॉक या चित्रांच्या कातळाला जायचं, वाटेत सावली दिसेल तिथे टेकायचं. तुमच्या बरोबरीच्या माणसाला ओझं वाटू न देता कसं सांभाळावं, हे मी तिथे पाहिलं.

कातळापाशी पोचताच तुम्ही आधी मोठ्याने हाक घातलीत. आमच्या कोकणात गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, तसं तुम्ही तुमच्या पूर्वजांना कळवलंत, पाहुणे आलेत, लांबून आलेत, त्यांना जपा. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली ती खाली उतरेपर्यंत हातातच धरली.

मग ती चित्रं. वालुकाश्माच्या पुढे झुकलेल्या कड्याखाली लाल, पिवळ्या, पांढऱ्या मातीत रंगवलेले कांगारू, एमू, डिंगो, मासे, आणि तोंडाने रंग फुंकून उमटवलेले हाताचे पंजे. पुढच्या कपारीत उलटी लटकलेली वटवाघळं. त्यापुढे काटकुळे, उंच क्विंकन, खडकाच्या फटींत राहणारे आत्मे. बाबांनी वय विचारलं. तुम्ही सांगितलंत की याच मुलखातल्या अर्ली मॅन शेल्टरमध्ये 13,000 वर्षांपूर्वीच्या थरांखाली गाडलेलं कोरीवकाम सापडलं आहे. लगेच मुख्य गोष्टीवर आलात, कोणत्या चित्रावर कोणत्या घराण्याचा हक्क आहे. एका चित्राची कथा सांगायचा अधिकार आपला नाही म्हणून तुम्ही ती सांगितली नाहीत. मला ते फार मोलाचं वाटलं. आमच्या राजापूर तालुक्यात बारसूला, देवाचे गोठणेला सड्यावर कातळशिल्पं आहेत. ती कोणी कोरली, कशासाठी, हे सांगू शकणारं कुणी उरलेलं नाही. बाबा तुम्हाला हे सांगत होते तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरलात.

पण आंटी, खरे आभार आहेत ते दुपारच्या गप्पांसाठी. बाबांच्या वहीत गोऱ्या वसाहतकारांचा इतिहास एका पानावर होता आणि चित्रं दुसऱ्या. 1873 मध्ये पामर नदीवर सोन्यासाठी झुंबड उडाली, त्याच साली कूकटाउन वसलं, मागोमाग हजारो चिनी खाणकामगार आले. 1879 मध्ये ओल्ड लॉराचं गुरं पाळण्याचं ठाणं (कॅटल स्टेशन) उभं राहिलं, 1888 मध्ये कूकटाउनची रेल्वे लॉरापर्यंत पोचली. पुढे लॉरा नदीवर पूलही झाला, पण सोनं आटलं आणि रेल्वे लॉरातच थांबली, ती 1961 मध्ये बंद झाली. हे सगळं बाबांना पाठ होतं. तुम्ही काटकीने मातीत घोड्याची आकृती काढलीत आणि दोन्ही पानं एक केलीत. तुमच्या पूर्वजांनी कातळावर रंगवलेला तो प्रचंड घोडा डोंगरात उंच आहे, बाबांना तिथवर चढणं शक्य नव्हतं, म्हणून तो तुम्ही जमिनीवर आणलात. घोडे आले, त्यांच्यावर बसून बंदुका आल्या. 1873 च्या नोव्हेंबरात पामरकडे निघालेल्या सशस्त्र तांड्याशी तुमचे लोक भाले घेऊन लढले, त्या रस्त्याला आजही बॅटल कॅम्प रोड म्हणतात. मग गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या नेटिव्ह पोलिसांची, म्हणजे आदिवासी शिपायांच्या दलाची, छावणी पडली. त्या पोलिसांची चित्रंही कातळावर आहेत, त्यांचं वाईट व्हावं म्हणून काढलेली. म्हणजे वसाहतीचा इतिहास तुमच्या माणसांनीही लिहून ठेवला आहे, आणि तो घडत असतानाच. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस हे ऐकून कितीतरी वेळ गप्प बसला होता.

परतताना रस्त्याकडेचं जळलेलं गवत पाहून मी घाबरलो, तेव्हा तुम्ही हसलात. कोरडा हंगाम नुकता लागलेला असतो, गवतात थोडी ओल असते, तेव्हा लावलेली आग सावकाश सरकते, झाडांच्या शेंड्यांना शिवत नाही. असं वेळीच जाळलं नाही तर वर्षाअखेरीस वणवा पेटतो, त्याच्या धगीने वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि चित्रं त्यांच्यासोबत जातात. जॉर्ज मस्ग्रेव्ह आणि टॉमी जॉर्ज या वडीलधाऱ्यांनी ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती दिली, त्यांची नावं तुम्ही किती आदराने घेतलीत! 2018 मध्ये लॉराभोवतीचा हा चित्रांचा मुलूख, क्विंकन प्रदेश, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेला. पण चित्रांवर गांधीलमाशांनी घरटी बांधू नयेत, रानडुकरांनी धूळ उडवू नये यासाठी रोज लक्ष ठेवायला तुमच्यासारखी माणसंच लागतात.

केप यॉर्कला जाणाऱ्या मराठी मित्रांनो, लॉराला एक दिवस काढा, स्थानिक वाटाड्यासोबतच जा, आणि फोटो काढण्याआधी विचारा.

आंटी, बाबांनी बारसू, देवाचे गोठणेच्या कातळशिल्पांचे फोटो पाकिटात घातले आहेत, मागे प्रत्येक गावाचं नाव लिहिलं आहे. ते लॉरातल्या कल्चरल सेंटरच्या पत्त्यावर येतील. पुढच्या कोरड्या हंगामात घोड्यापर्यंत चढायला मी येतोय, तुमच्या सोयीचा महिना कळवा.

बाबांचा तुम्हाला नमस्कार.

तुमचा,
ब्रिस्बेनचा भाचा