हौशी बँडला किती वॅट लागतात?

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की आमच्यासारख्या हौशी मंडळींना स्वतःचा साउंड घ्यायची हुक्की येते, आम्ही पाचजण, दोन गिटार, कीबोर्ड, कहोन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि एक गाणारी, सोसायटीच्या हॉलमधे शंभर-दीडशे लोकांसमोर वाजवणारे. दुकानात गेलो तर दुकानदार पहिल्यापासून वॅटच सांगतोय, दोन हजार घ्या, तीन हजार घ्या! अहो, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतं. शेवटी आम्ही १२ इंची दोन पॉवर्ड (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले) स्पीकर, सगळ्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि एक मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर, घेतला, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा वाहायची कटकट नाही (लिफ्ट बंद असते तेव्हा याची किंमत कळते). पहिल्याच कार्यक्रमात मात्र स्पीकर माइकच्या मागे ठेवले, त्यांचा आवाज परत माइकमधे शिरला आणि अशी शिट्टी वाजली की पुढच्या रांगेतल्या आजी उठूनच गेल्या. स्पीकर माइकच्या पुढे, स्टँडवर, डोक्यांच्या वर ठेवायचे हे एवढं साधं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असताना भिंती हलवणारे सबवूफर आमच्या गळ्यात कशाला मारता? वर्षातून दोनदाच वाजवणार असाल तर सरळ भाड्याने आणा.

– एक हौशी गिटारवाला, सांगली