एकोणीसचे चार

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही, तुझ्या दोन मेसेजना उत्तर नाही. रागावला असशील तर खुशाल राग, पण आधी हे वाच. घरी सगळे बरे आहेत, आईचा गुडघा आहे तसाच. काल जे झालं ते इथे कुणाला सांगितलं तर 'खेळच तर होता' म्हणतील. तू तसं म्हणणार नाहीस.

सुट्टीत चिऊला आणि तिच्या तीन मैत्रिणींना डी अँड डी शिकवतोय, आपला तोच फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. पाचवी आवृत्ती; डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी. आडोशाला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केलाय. चिऊची जादूगारीण पहिल्या लेव्हलची, एचपी, म्हणजे जीव, सात. तिच्या एकाक्ष मांजरावर पोरीने वहीची तीन पानं लिहिलीत! काल पुलाखालून ऑगर काढला, तो दांडगा राक्षस. ओरडू नकोस, पहिल्या लेव्हलच्या पोरींवर ऑगर सोडायचा नसतो हे कळलं मला. चिऊचे तीन एचपी उरले होते. मी पुठ्ठ्यामागे त्याच्या हल्ल्याचा वीस बाजूंचा फासा टाकला, एकोणीस, म्हणजे लागलाच. डॅमेजचे फासेही सोबतच टाकले होते: सहा आणि पाच, वर चार, झाले पंधरा. तीन गेले, बारा शिल्लक, आणि तिचे पूर्ण एचपीच सात. उरलेलं डॅमेज त्याहून जास्त, म्हणजे जीव वाचवायचा फासा, डेथ सेव्हही नाही, जागच्या जागी खलास.

मान वर केली. पेन्सिल चावायची थांबून ती माझ्याकडे बघत होती. पेन्सिल तशीच दातांत.

मी म्हणालो, "चार. हुकला."

चौघी अशा किंचाळल्या की खालच्या काकू वर आल्या. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणते, "बाबा, माझं नशीब कसलं भारी आहे ना!" तेव्हापासून झोप उडालीय.

कर्वेनगरची खोली आठवत राहिली. जुन्या थ्री पॉइंट फाइव्ह आवृत्तीची झेरॉक्स, फासे नाहीत म्हणून श्रीखंडाच्या डब्यात एक ते वीसच्या चिठ्ठ्या. दोन वर्षं खेळवलेला माझा चोर त्या दाराच्या सापळ्यात उणे दहाच्या खाली जाऊन मेला. डीएम तू होतास; डबा सगळ्यांसमोर हलवलास, चिठ्ठी सगळ्यांना दाखवलीस. दोन. पाच महिने मी तुझ्याशी बोललो नाही. मेसमध्ये तू समोर बसलास की ताट घेऊन उठायचो. एक चिठ्ठी परत डब्यात टाकली असतीस तर काय बिघडलं असतं, हे अण्णाला शंभरदा ऐकवलं असेल.

काल मी तेच केलं, आणि बंड्या, मला अजिबात बरं वाटत नाहीये.

रात्री दोनला उठून बाल्डर्स गेट थ्री हा कॉम्प्युटर गेम लावला. तू अजून घेतला नाहीस म्हणून सांगतो. 2023 चा, बेल्जियमच्या लेरियनचा, नियम बहुतेक आपल्याच पाचव्या आवृत्तीचे. फासा स्क्रीनवर डोळ्यांदेखत गडगडतो, किती हवेत तेही आधी लिहिलेलं. नको ते पडलं की एफ एट दाबायचं, मघाशी एफ फाइव्हने जिथे सेव्ह केलं तिथे परत. एका पहारेकऱ्याला पटवायला मी सात वेळा मागे गेलो, मनाला काही लागलं नाही. फसवायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच. वर सेटिंगमध्ये 'कार्मिक डाइस' म्हणून एक प्रकार आहे, आपोआप चालूच असतो, सलग वाईट पडू देत नाही. म्हणजे कॉम्प्युटरही फासा वाकवतो, पण सांगून, आणि नको असेल तर बंद करता येतं. चिऊला मी ते बटण कुठे दिलं?

(आणि हो, त्यात वीस पडला की काम फत्ते, मग कुलूप असो की थाप. आपल्या पुस्तकात ते हल्ल्याला, कुलूप-थापेला नाही. यावर आपण दोन पावसाळे भांडलो. कॉम्प्युटर माझ्या बाजूने आहे, लिहून ठेव!)

पुस्तकाची ना नाही म्हणा. 2014 च्या डीएमच्या पुस्तकातच आहे, आडोशामागे निकाल बदलता येतो, पण वारंवार नको आणि कळू देऊ नये. ते 'कळू देऊ नये' मला टोचतंय. कॉम्प्युटरच्या ऑगरने मारलं असतं तर मागे जायचं की मेलेलं सोसायचं हे तिने ठरवलं असतं. इथे मी ठरवलं, तिला न विचारता. पण कॉम्प्युटरला ती दातांतली पेन्सिल दिसली नसती, हेही खरं. तसा चेहरा समोर असूनही खरा आकडा दाखवायचं बळ तू एकविसाव्या वर्षी कुठून आणलं होतंस?

तुझी नवी नोकरी रुळली का? वहिनींचा प्रबंध सादर झाला असेल, त्यांना अभिनंदन सांग. धाकट्याला दात आले का?

रविवारी पोरी परत येणार आहेत. पुलापलीकडे गुहा आहे आणि तिथे आणखी वाईट काहीतरी बसलंय. पुठ्ठा काढून फासे उघड्यावर टाकू का? टाकले तर कालचं तिला सांगू, की राहू दे?

आणि ती दोनची चिठ्ठी दाखवण्याआधी तू क्षणभर थांबला होतास. मी तेव्हा फक्त चिठ्ठीकडे बघत होतो. काय चाललं होतं डोक्यात?

शनिवारच्या आत फोन कर, कितीही उशिरा चालेल.

तुझा,
चोर